वीस नगांची ऑर्डर आणि कातरणीचा दिवस: माण तालुक्यातल्या एका मेंढपाळ घराचं प्रकरण

हे कुटुंब सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातलं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. घरातली सून ज्या नात्यानं ज्याला हाक मारते, त्याच नात्यानं मी सगळ्यांना इथं ओळखते. सासूबाई म्हणजे आत्या, सासरे म्हणजे मामा, आणि माग चालवणारे सनगर काका. मी साताऱ्यात राहते. बचत गटांच्या वस्तूंना गिऱ्हाईक मिळवून देणं हे माझं काम आहे. या प्रकरणातली ऑर्डर मीच आणली होती, त्यामुळे पुढं ज्या चुका येतील त्यांतल्या काही माझ्या आहेत.

पार्श्वभूमी

माण तालुका पर्जन्यछायेत येतो. वर्षाला पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला महाबळेश्वरला तो 5000 च्या वर जातो. एका जिल्ह्यातला हा फरक या प्रकरणात पुढं फार महागात पडला, म्हणून आधीच सांगून ठेवते.

घरात नव्वद मेंढरं आहेत, बहुतेक दख्खनी. दिवाळी झाली की मामा आणि थोरला मुलगा कळप घेऊन कोरेगाव-कराडकडे उतरतात. तिथं शेतात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि पावसाच्या तोंडाला परत फिरायचं. घर चालतं ते कोकरांच्या विक्रीवर आणि या बसवण्यावर. लोकरीचा नंबर शेवटचा. दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि आखूड असते, तिच्यात केस मिसळलेले असतात आणि रंग बहुतेक काळा. अंगावर घालायचं मऊ कापड तिचं होत नाही. वर्षातून दोनदा कातरणी, आणि एका कातरणीला एका मेंढीमागं तीनशे ग्रॅमच्या आसपास हाती लागते. व्यापारी जो भाव देतो त्यात कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा सुटत नाही. या घरात दोन वर्षं लोकर बांधाच्या कडेला टाकून दिली होती.

घोंगड्याची कामं इथं पूर्वीपासून वाटलेली आहेत. मेंढरं धनगराची, सूत कातायचं धनगराच्या घरातल्या बायकांनी, विणायचं सनगरांनी. काका सत्तरीचे आहेत. त्यांच्या घरात खड्डा माग, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून बसून चालवायचा माग, अजून चालू आहे. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावायची, ती कुंचल्यानं सारखी करायची, उन्हात वाळवायची आणि मग धोटा हातात घ्यायचा. त्या खळीनं घोंगडं ताठ राहतं आणि सूत तुटत नाही. रानात ऊन, थंडी, पाऊस सगळं मेंढपाळ त्या एका घोंगड्यावर काढतो. देवाच्या कार्यात ते अंथरलं जातं, त्यावर भंडारा पडतो. आत्यांच्या माहेरी लग्नाच्या घोंगड्याला वेगळा मान होता. त्या अजून सांगतात की ते जावळाचं होतं. जावळ म्हणजे कोकराची पहिली कातरण, सगळ्यात मऊ.

आणखी एक गोष्ट. चार वर्षांपूर्वी मामांनी मडग्याळ नर आणला. मडग्याळ हे सांगली जिल्ह्यातलं जत तालुक्याचं गाव, तिथली ही मेंढी. उंच, नाकाला बाक, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके. तिची कोकरं लवकर वाढतात आणि बाजारात उठून दिसतात. लोकर मात्र नावालाच, जास्त करून केसच. मामांचा निर्णय चुकीचा नव्हता. आमच्याच जिल्ह्यात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं दख्खनी मेंढीत बंगालच्या गारोळ मेंढीचा जुळी देण्याचा गुण आणून नारी सुवर्णा तयार केली, तीही कोकरं वाढावीत म्हणूनच. सगळ्यांची नजर कोकरावर आहे, कारण पोट कोकरावर चालतं. लोकरीचा विचार करून कळप ठेवावा असं सांगायचा हक्क बाहेरच्या माणसाला नाही, हे मला नंतर कळलं.

ऑर्डर

पाचगणीच्या बाजूला पर्यटकांना उतरायची एक जागा आहे. तिच्या मालकांना खोल्यांमध्ये इथल्या लोकरीचे गालिचे हवे होते. 3 बाय 5 फुटांचे चौदा गालिचे आणि भिंतीवर लावायचे सहा नग. सगळ्यांचा रंग एकच, काळसर करडा. मुदत तीन महिने. गालिच्याला 2,200 रुपये. जानेवारीचे दिवस होते. मी फोनवरच हो म्हटलं आणि संध्याकाळी सुनेला कळवलं. तिला इतका आनंद झाला की रात्रीच तिनं आत्यांना टकळी काढायला लावली.

त्या रात्री कुणीतरी कागदावर चार आकडे मांडायला हवे होते. 3 बाय 5 चा दाट गालिचा अडीच किलोच्या आसपास लोकर खातो. चौदांना पस्तीस किलो, शिवाय भिंतीचे सहा. घरातल्या नव्वद मेंढरांची एक कातरण सत्तावीस किलो, आणि तीही धुण्याआधीची. लोकर मुळातच पुरणार नव्हती. दोन आठवड्यांनी हे लक्षात आलं तेव्हा सुनेनं शेजारच्या दोन वाड्यांवरून कातलेलं सूत विकत आणलं. आत्या काही बोलल्या नाहीत. फक्त ते सूत हातात धरून त्यांनी दोनदा पीळ पाहिला आणि ठेवून दिलं. त्या वेळी त्यांना विचारायला हवं होतं.

अडचण

मे महिन्यात पाच गालिचे दिले. जुलै संपता संपता पाचही परत आले, अकरा हजार रुपये परत मागणाऱ्या निरोपासह. उरलेली ऑर्डर रद्द झाली.

काकांच्या ओट्यावर आम्ही ते पाचही उलगडून बसलो. तो दुपारचा दीड तास या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली तक्रार केस गळण्याची होती. पायमोज्यांना, बॅगांना, चादरींना पांढरे केस लागत होते. आत्यांनी गालिच्यावरून उलटा हात फिरवला आणि हाताला लागलेले केस उन्हात धरले. जाड, ठिसूळ, वाकवले की मोडणारे. दख्खनीच्या लोकरीत असे मेलेले केस थोडे असतातच. ते आतून पोकळ असतात, सुताला धरून राहत नाहीत आणि रंगही पीत नाहीत. पण इतके नसतात. हे मडग्याळच्या पोरांचे, म्हणजे त्या नराच्या कोकरांचे होते. कातरणीच्या दिवशी सगळ्या मेंढरांची लोकर एकाच ताडपत्रीवर पडली होती.

दुसरी तक्रार आकाराची. गालिचे मधे आखडले होते आणि दोन्ही कडा वर वळत होत्या, त्यात पाय अडकायचा. काकांनी एका गालिच्यातून बाण्याचे, म्हणजे आडवे, दोन धागे ओढून काढले. एक आत्यांचा, एक विकतचा. विकतच्या सुताला पीळ कितीतरी जास्त होता. दमट हवेत दोन्ही सुतं वेगवेगळी आखडली. शिवाय मुदतीच्या घाईत बाणा ताणून भरला गेला होता, त्यानं कडा आत ओढल्या. काकांनी दुसरं कारण स्वतःच सांगितलं, कुणी विचारायच्या आधी.

तिसरी तक्रार वासाची. पाऊस सुरू झाला आणि खोल्यांमध्ये कुबट, आंबूस वास सुटला. हा चिंचोक्याच्या खळीचा वास होता. माणच्या कोरड्या हवेत खळ हे घोंगड्याचं बळ आहे. पाचगणीच्या पावसात, बंद खोलीत, फरशीवर तीच खळ ओल धरते आणि बुरसते. घोंगडं दर दिवशी उन्हात पडतं, गालिचा पडत नाही.

चौथी गोष्ट गिऱ्हाइकानं लिहिली नव्हती, पण आम्हाला दिसली. दोन गालिच्यांत मधेच हिरवट ठिपके होते. कळप वाटेवर दुसऱ्या कळपात मिसळला तर आपली मेंढरं ओळखू यावीत म्हणून मामा पाठीवर तेलरंगाचा पट्टा मारतात. तो रंग धुण्यात जात नाही. पाठ म्हणजे लोकरीचा सगळ्यात चांगला भाग, आणि रंग नेमका तिथंच.

बराच वेळ गप्प बसून काका म्हणाले, "ताई, तुम्ही मागितला गालिचा. मी विणलं घोंगडं. जमिनीवर टाकायला आमच्यात जेन असतंय. ते जाड सुताचं, दाट ठोकलेलं. मला कुणी सांगितलंच नाय की हे पायाखाली जाणार हाय."

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. मी माप सांगितलं, रंग सांगितला, तारीख सांगितली. वस्तू कुठं राहणार, तिच्यावर काय होणार, तिथली हवा कशी, हे पन्नास वर्षं माग चालवणाऱ्या माणसाला सांगितलं नाही. जमिनीवरच्या लोकरीच्या अंथरुणाला त्यांच्याकडे नाव होतं, रीत होती. आम्ही 'गालिचा' हा नवा शब्द घेऊन गेलो आणि जुना शब्द विचारायचं विसरलो.

चारही दोष पुन्हा मोजले तेव्हा लक्षात आलं की मागावर झालेली चूक एकच होती, ताणून भरलेला बाणा. खळीची चूक माझ्या न सांगण्यातून आली. मिसळलेली लोकर, मिसळलेलं सूत आणि रंगाचे ठिपके हे काकांच्या घरी पोचण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलं होतं.

पुढं काय, यावर झालेला विचार

पैसे परत करण्यावर वाद झाला नाही. अर्धे मी दिले, अर्धे मामांनी एका बोकडाच्या पैशांतून. वाद झाला तो पुढं करायचं की सोडायचं यावर.

मामांचा मुलगा सोडून द्यायच्या बाजूनं होता. त्याचं म्हणणं साधं होतं, की सहा महिने दोन बायका राबल्या आणि घरातून बोकड गेला. दुसरा रस्ता मी सुचवला. तयार सूत आणायचं. बिकानेर लोकरीची मोठी बाजारपेठ आहे, पानिपतला हातमागाचे गालिचे होतात, तिकडून एकसारखं सूत मिळेल आणि काका विणतील. काकांना यात काही वाईट वाटलं नाही, त्यांना काम हवं होतं. पण सुनेनं विचारलं, "मग ताई, आमचं काय उरलं त्यात? मेंढरं आमची नाहीत, सूत आत्यांचं नाही." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि शोधायचा आग्रहही मी धरला नाही. पानिपतच्या सुतावर काकांनी विणलेला गालिचा पानिपतच्या गालिच्यापेक्षा महाग पडला असता. गिऱ्हाइकानं तो का घ्यावा?

तिसरा विचार मडग्याळ नर काढायचा होता. तो सुनेचा आणि माझा. सुनेनं धीर करून विषय काढला.

मामा रागावले नाहीत. म्हणाले, "पोरी, एक कोकरू बाजारात गेलं तर दीड-दोन हजार जास्ती देतंय ते मडग्याळचं. तेवढं पैसं तुझी लोकर दील का? दील तर उद्या काढतो."

हिशेब केला. नर काढला तर वर्षाला तीसेक हजारांचा फरक पडत होता. सगळी लोकर सोन्याच्या भावानं गेली तरच तो भरून निघाला असता. नर राहिला. मला वाटतं, इतकं साफ उत्तर त्या वेळी मिळालं हे चांगलं झालं. त्यानंतर आमचा सगळा विचार जे आहे त्यातून निवडायचं कसं, यावर आला.

कातरणीच्या दिवशी काय बदललं

पहिला बदल तिथीचा. घरातली पावसाळ्यानंतरची कातरणी दिवाळीच्या आसपास व्हायची, निघण्याच्या आधी. तोवर माळावरचं गवत पिकलेलं असतं आणि लोकरीत कुसळं भरतात. ती पिंजून निघत नाहीत, सुतात शिरतात आणि पायाला टोचतात. कातरणी भाद्रपदात घेतली, गवत हिरवं असताना. त्या वेळी ओढ्याला पाणीही असतं. कातरणीच्या तीन दिवस आधी मेंढरं ओढ्यातून दोनदा काढली आणि मग स्वच्छ खडकाळ माळावर वाळू दिली. आत्या म्हणाल्या, त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी असंच करायचे. म्हणजे आम्ही नवं काही शोधलं नव्हतं.

दुसरा बदल रंगाच्या खुणेचा, आणि इथं मामांशी खरी बोलाचाली झाली. सुनेचं म्हणणं खूण कपाळावर करावी. मामा म्हणाले, "रात्री दोन कळप मिसळले तर एकेकाचं कपाळ बघत बसू का?" लांबून दिसायलाच हवी, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तोडगा आत्यांनी काढला. शेपटीच्या वर, मागच्या बाजूला खूण करायची. तिथली लोकर लेंड्या-मुताची, ती तशीही टाकूनच द्यायची असते. लांबून दिसते आणि सुतात जात नाही. या एका सूचनेनं जे साधलं ते माझ्या सगळ्या कागदांनी साधलं नसतं.

तिसरा बदल ताडपत्र्यांचा. एकाऐवजी चार अंथरल्या. पहिलीवर कोकरांचं जावळ. दुसरीवर दख्खनी मेंढ्यांच्या पाठीची आणि खांद्याची लोकर. तिसरीवर पोट, पाय, शेपटीकडची. चौथीवर मडग्याळच्या पोरांची सगळी. कातरणारे दोघं आधी वैतागले. त्यांना मेंढीमागं पैसे मिळतात आणि निवडण्यात वेळ जातो. मजुरी मेंढीमागं पाच रुपयांनी वाढवली, तेव्हा काम सुरळीत झालं.

सत्तावीस किलोंतून गालिच्यांसाठीची लोकर धुऊन अकरा किलो भरली. जावळ साडेतीन. तिसऱ्या आणि चौथ्या ताडपत्रीवरची लोकर गाद्या-उशांत भरायला गेली. जी अगदीच घाण होती ती डाळिंबाच्या झाडांच्या बुंध्याशी पसरली, तिथं ती ओल धरून ठेवते. आधीच्या खेपेला आम्ही सगळीच कातली होती, म्हणून लोकर जास्त दिसली होती.

धुण्यातही एक धडा मिळाला. सुनेनं पहिली पाटी कडकडीत पाण्यात रिठा घालून चोळून धुतली आणि लोकरीचा गोळा झाला. ऊन पाणी आणि घासणं एकत्र आलं की लोकर एकमेकींत अडकून घट्ट होते. बुरणूस, म्हणजे न विणता घट्ट केलेलं लोकरीचं पांघरूण, याच गुणावर होतं, पण सूत कातायला ती लोकर कामाची राहत नाही. अर्धा किलो वाया गेली. पुढच्या सगळ्या पाट्या हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात नुसत्या बुडवून, दाबून, तितक्याच कोमट पाण्यानं खळखळून काढल्या.

मागावर

काकांनी या वेळी जेन विणायला घेतलं. बाण्याला दोन पदरी जाड सूत, सगळं आत्यांच्या आणि सुनेच्या हातचं, विकतचं हातभरही नाही. ताण्यावर मात्र काकांचं आणि माझं जमेना. मला सुती ताणा हवा होता, कारण त्याला खळ कमी लागते आणि ताण सारखा राहतो. काका म्हणाले, लोकरीला लोकरच हवी. शेवटी असं ठरलं की जमिनीवरच्यांना सांगली जिल्ह्यातल्या विट्याहून आणलेला सुती दोरा आणि भिंतीवरच्यांना लोकरीचा ताणा. विणून झाल्यावर प्रत्येक नग कोमट पाण्यात भिजवून खळ काढून टाकली आणि लाकडी चौकटीला खिळ्यांनी ताणून वाळवला. बाणा ओढून न भरता प्रत्येक ओळीला थोडी कमान देऊन सोडायचा आणि मग फणीनं ठोकायचा, हे काकांनी स्वतःहून केलं. कडेला ताण्याचे दोन-दोन धागे जोडीनं घेतले. एका गालिच्याला तीन दिवस लागले, आधीच्या दीडपट.

भिंतीवरच्या नगांचं काम सुनेनं अंगावर घेतलं. त्यात तिचा जीव आहे. खड्डा मागावर पट्टे येतात, चित्र सहज येत नाही. तिनं गावच्या सुताराकडून बाभळीची उभी चौकट करून घेतली आणि त्यावर हातानं बाणा भरत ओढा, माळ आणि उतरणीवर चाललेली मेंढरं विणली. काळं, तपकिरी, पांढरं हे मेंढीच्याच अंगचे रंग. पांढरं थोडं सूत तिनं तुरटी लावून डाळिंबाच्या सालीत रंगवलं. शेजारच्या आटपाडीकडं डाळिंब भरपूर, साली फुकट मिळतात. गवती पिवळा रंग आला. त्यातच हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घातला की करडा होतो, पण जास्त झाला तर लोकर कुजल्यासारखी तुटते, म्हणून तो हात राखूनच घातला. न रंगलेले केस रंगात पांढरे दिसतात. गालिच्यात तो दोष ठरला असता. त्या चित्रात ते वाळलेल्या गवतासारखे दिसतात, म्हणून तसेच ठेवले.

किंमत

आधीचा 2,200 चा आकडा मी काढला होता तो लोकर, काकांची मजुरी आणि वर थोडं, असा. कातणं त्यात नव्हतं. घरातल्या बायका बसल्या बसल्या कातणार, असं मी मनात धरलं होतं. मी स्वतः बाई असून हे धरलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

सुनेनं या वेळी वहीत दिवस लिहिले. एका गालिच्याला निवडणं-धुणं एक दिवस, पिंजणं-कातणं आठ दिवस, ताणा आणि विणकाम तीन दिवस, शेवटचं भिजवणं-ताणणं एक दिवस. तेरा दिवस. गावात बाईला रानातल्या कामाला 300 रुपये रोज मिळतो. म्हणजे 3,900 रुपये नुसत्या हातांचे, त्यावर कातरणी, सुती दोरा, रिठा, सुतार असे 350. एकूण 4,250. हाच गालिचा जुन्या 2,200 मध्ये उलटा मांडला, तर कातणं सोडून पाच दिवसांचे 1,500 आणि वरखर्च 350 वजा जाऊन आत्यांच्या आठ दिवसांना 350 रुपये उरत होते. आत्यांनी तो आकडा ऐकला. "मला वाटायचं सूत कातणं म्हणजे काम नव्हंच," इतकंच म्हणाल्या.

नवी किंमत 5,500 ठरली. मला भीती होती की इतक्याला कोणी घेणार नाही. तरी खाली यायचं नाही, असं सुनेनं ठरवलं.

निष्पत्ती

एका कातरणीतून चार गालिचे आणि तीन भिंतीवरचे नग झाले. पहिल्या गिऱ्हाइकाला मी चारही दाखवले. त्यांना एकसारखा रंग हवा होता. काळी लोकर उन्हानं टोकाला तांबूस होते, प्रत्येक मेंढीची वेगळी होते, त्यामुळे चारांचे चार रंग होते. त्यांनी गालिचे घेतले नाहीत, भिंतीवरचे दोन घेतले. बाकी साताऱ्यातल्या एका प्रदर्शनात दोन गालिचे आणि पुण्यातल्या एका घरात एक गेला. चौथा दहा महिने पडून होता. तो मी ओळखीच्यांकडे महाबळेश्वरला जून ते सप्टेंबर नुसता वापरायला ठेवला. वास आला नाही, केस नावाला गळले. एका बाजूची कड सैल झाली, ती काकांनी बघितली आणि पुढच्या खेपेपासून कडेला तीन-तीन धागे घ्यायचं ठरवलं.

पैशांत पाहिलं तर ही घराची मुख्य कमाई नाही आणि होणारही नाही. पण आठ दिवस कातलं की आठ दिवसांची मजुरी मिळते, हे आत्या आता शेजारणींना सांगतात. त्यांचं मनगट मात्र दुखतं. पंधरा दिवस सलग कातल्यावर ते सुजलं होतं. त्यामुळे वर्षाला सहा गालिच्यांच्या पुढं जायचं नाही असं ठरलंय, मागणी कितीही आली तरी.

काकांचा मुलगा टेम्पो चालवतो, मागावर बसणार नाही. सून आठवड्यातून दोन दुपारी काकांकडे बसते. तिचा पहिला ताणा तीनदा तुटला.

काय वेगळं करता आलं असतं

ऑर्डर आली त्या दिवशी फोनवर हो म्हणायच्या आधी मी एक नमुना मागायला हवा होता, आणि तो नमुना एक पावसाळा त्या खोलीत ठेवायला सांगायला हवा होता. एक वर्ष लांबलं असतं, बोकड वाचला असता. गिऱ्हाईक इतकं थांबलं नसतं असं मला त्या वेळी वाटलं. पण थांबायला तयार नसलेलं गिऱ्हाईक या लोकरीला परवडणारंच नव्हतं.

सूत विकत आणायचा निर्णय झाला तेव्हा आत्यांनी पीळ पाहून ते ठेवून दिलं होतं. त्यांना ठाऊक होतं. सुनेनं विचारलं नाही, कारण तिला मुदत दिसत होती. आत्या बोलल्या नाहीत, कारण ऑर्डर सुनेची होती. एका घरातल्या दोन बायकांमधलं हे अवघडलेपण मला दिसायला हवं होतं. आता लोकर आणि सूत याबाबत शेवटचा शब्द आत्यांचा, असं घरात उघड ठरवलंय.

उन्हाळ्याच्या कातरणीचा प्रश्न सुटलेला नाही. त्या वेळी कळप कृष्णाकाठी असतो, निवडायला आत्या आणि सून तिथं नसतात, आणि मामा एकटे चार ताडपत्र्या सांभाळू शकत नाहीत. ती लोकर सध्या काकांना घोंगड्यासाठी जाते. सुनेला वाटतं, एक वर्ष कातरणीपुरतं आपण खाली जावं. मामा अजून हो म्हणालेले नाहीत.

या भाद्रपदात जावळ चार किलो निघालं. मला ते भिंतीवरच्या मोठ्या नगासाठी हवं होतं, मी मागितलंही. आत्यांनी दिलं नाही. नातवाचं लग्न ठरलंय, त्याचं घोंगडं काकांच्या मागावर चढलंय.